पायातलं विमान

मी आजवर एकदाही विमानात बसलेले नाही. विमान मात्र माझ्या उजव्या पायावर कित्येक वर्षं बसलेलं होतं. हे वाक्य मी पंगतीत, बारशाला, शाळेच्या स्टाफरूममध्ये इतक्यांदा टाकलंय की आता ते आपोआप पडतं. ऐकणारा आधी हसतो, मग त्याची नजर माझ्या पायाकडे जाते, मग तो हसू आवरतो. तो आवरतो ना, तिथेच माझं डोकं फिरतं. अहो, हसा की! मी विनोद केलाय, वर्गणी मागायला आलेले नाही.

गोष्ट रागाची आहे हे आधीच सांगते. मी ती हातवारे करून, आवाज काढून सांगते, म्हणून राग गेला असं समजू नका. चांगला राग मुरांब्यासारखा असतो, मुरत जातो.

मी तीन वर्षांची असताना ताप आला आणि जाताना उजव्या पायातलं बळ घेऊन गेला. पुढच्याच वर्षी आई गेली. मग वडिलांची थोरली बहीण, माझी विधवा आत्या, राजापूरकडचं घर बंद करून आमच्याकडे अंधेरीला आली ती कायमची. स्टेशनाबाहेर तेव्हा टांगे उभे असत आणि पूर्वेला दहा मिनिटं चाललं की भाताची खाचरं लागत. तिथेच आमची तीन खोल्यांची जागा होती. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात देव आणि देवांवर आत्या. वडिलांचं म्हणाल तर ते कचेरीतून येत आणि वर्तमानपत्राच्या आड जात. आमच्या घरातल्या सगळ्या लढाया त्या वर्तमानपत्राच्या अलीकडे झाल्या.

माझ्या पायाला लोखंडी कॅलिपर होता. मांडीपासून टाचेपर्यंत दोन्ही बाजूंनी लोखंडाच्या पट्ट्या, त्यांना जोडणारे चामड्याचे पट्टे, आणि खाली चांभारानं ठोकून दिलेला बूट. एवढं ओझं ज्या पायात जीव नाही त्याच पायानं उचलायचं, ही कल्पना ज्या शहाण्याला सुचली त्याला एकदा भेटायची माझी फार इच्छा होती. डॉक्टरला विचारलं, "याहून हलकं काही नाही का?" तो म्हणाला, "लोखंडच बरं. टिकतं." टिकतं! मी टिकते का, ते कुणी विचारलं नाही. शिवाय गुडघा वाकायचा नाही. बसमध्ये बसले की पाय टोल नाक्याच्या आडव्या दांडीसारखा सरळ पुढे. लोक अडखळायचे आणि वर मलाच म्हणायचे, "अरेरे."

पण त्या "अरेरे"पेक्षाही मला छळायचा तो स्वयंपाकघराचा उंबरा. चामडं आत चालत नाही, हा आत्याचा नियम. म्हणून उंबऱ्याशी आले की बसायचं, पट्टे सोडायचे, कॅलिपर माजघरात ठेवायचा आणि दोन्ही हातांवर रेटत, फरशीवरून सरपटत पाटापर्यंत जायचं. रोज. दोन्ही वेळा. पाहुणे असले तरी. आत्या तोंडानं म्हणायची, "ये गो बाय, ये हळूहळू," आणि पानात तूप वाढायची. तूप भरपूर वाढायची. मी दहा वर्षांची होईपर्यंत हिनेच मला कडेवर घेऊन सगळी अंधेरी फिरवली, तेव्हा तिचं माझ्यावर प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? पण कडेवर घेणं सोपं. उंबऱ्याच्या आत उभं राहू देणं कठीण.

मॅट्रिक झाले. मला शिकवायचं होतं. दुसरं काही येत नव्हतं आणि बोलणं खूप येत होतं, म्हणजे हा धंदा आपलाच. घराजवळच्या मुलींच्या शाळेत प्राथमिकला जागा निघाली. मुख्याध्यापिकाबाईंनी मला खालून वर पाहिलं, म्हणजे बुटापासून सुरुवात केली, आणि म्हणाल्या, "शिक्षिकेला तासन्‌तास उभं राहावं लागतं. जूनमध्ये शाळा उघडली की एक पूर्ण तास उभ्यानं शिकवून दाखवा, मग बघू." त्या लोखंडात मला पाव तास उभं राहवत नसे, कंबर धरायची. नोकरी नाही मिळाली तर काय, तेही ठरलेलं होतं. बोरिवलीचे एक गृहस्थ होते, दोन मुलांचे बाप, बायको वारलेली. ते पायाकडे "दुर्लक्ष करायला तयार" होते. किती मोठं मन! आत्यानं त्यांना लाडू दिले होते. मी त्यांना लोणच्याचा खार पाण्यात कालवून सरबत म्हणून दिलं होतं, पण ते तेही प्यायले. असा माणूस टळत नाही.

आता मामाला आणते. माझ्या गेलेल्या आईचा धाकटा भाऊ. विमानं दुरुस्त करायच्या कारखान्यात तपासनीस होता. डिप्लोमा झालेला, आवाज मोठा, कपड्यांना कायम ग्रीसचा वास. दर रविवारी येई आणि ओटीवर पाय पसरून जगातल्या सगळ्या विषयांवर बोले. आत्याला तो "अक्का" म्हणे. आत्या त्याला "पाहुणे" म्हणे, म्हणजे हा जाणार कधी, असं.

मी बोरिवलीच्या गृहस्थांची गोष्ट सांगितली तेव्हा त्यानं माझा कॅलिपर दोन्ही हातांत तोलून पाहिला. पुढच्या रविवारी आला तो वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार पांढुरक्या पट्ट्या घेऊन.

"हातात धर."

धरल्या. दोन्ही हात एकदम वर गेले, कारण मी लोखंडाच्या हिशेबानं जोर लावला होता. मामा खो खो हसला.

"काय आहे हे?"

"विमानाचं हाड. लढाईतली मोडकी विमानं भंगारात निघाली ना, त्यांच्या पंखातलं. ड्युरल म्हणतात. लोखंडाइतकं खंबीर आणि वजन त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचं. हे नसतं तर विमान उडालं नसतं, पोरी. बैलगाडीला पंख लावल्यासारखं झालं असतं."

"म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच ना?" मी म्हटलं. "आमटीचा डाव?"

"डाव! नुसतं अ‍ॅल्युमिनियम म्हणजे नुसता मऊ भात. दाबला की बसला. त्यात शंभरात चार भाग तांबं घाल, चिमूटभर मॅग्नेशियम घाल, ठरलेल्या आचेवर तापव, गार पाण्यात बुडव, की झाला वेगळाच प्राणी. धातू एकटे कमजोर असतात. मिसळले की अंगात येतं त्यांच्या."

आत्या माजघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिनं एवढंच विचारलं, "तांबं आहे म्हणता?"

"आहे अक्का."

"शंभरात चार. आणि उरलेले शहाण्णव?"

"अ‍ॅल्युमिनियम."

"हं," आत्या म्हणाली. त्या "हं"मध्ये त्या धातूची जात, गोत्र आणि लायकी सगळं आलं. आमच्याकडे देवाला तांबं, सोवळ्यात पितळ. अ‍ॅल्युमिनियमला ओटीपलीकडे प्रवेश नव्हता, माझ्या बुटासारखाच.

मामानं महिनाभर खपून त्या पट्ट्यांचा कॅलिपर केला, आणि नुसता हलका केला नाही, त्यात एक करामत केली. गुडघ्याशी पोलादी सांधा आणि स्प्रिंग बसवली. बसताना मांडीजवळचा खटका ओढायचा, की गुडघा वाकायचा. उठताना स्प्रिंग पाय सरळ करायची आणि खटका आपोआप पडायचा, टक्. मी म्हटलं, "हे त्या लोखंडी कॅलिपरला का नाही केलं कुणी?" तो म्हणाला, "त्या धुडाला उचलायची तर स्प्रिंग घोड्याएवढी लागेल. ही कल्पना जुनीच आहे गं, धातू नवा मिळाला म्हणून ती पायात आली." हे मला अजून आठवतं. डोक्यात युक्त्या पुष्कळ असतात. त्यांना पेलणारं सामान मिळेपर्यंत त्या डोक्यातच म्हाताऱ्या होतात.

दुसरी करामत अशी की त्यानं चामडं वापरलंच नाही. पट्टे विमानातल्या खुर्चीला असतात तसल्या जाड कापडी पट्टीचे. आणि बूट निघायचा. घरात बुटाच्या जागी लाकडी तळवा घालायचा, खडावेसारखा. सगळे भाग हातानं फिरवायच्या चाक्यांनी जोडलेले, म्हणजे माझं मला सोडता यावं. मामा आत्याकडे बघून म्हणाला, "काय अक्का, खडावा तर ऋषिमुनीही घालत. आता येऊ द्या पोरीला आत, दोन पायांवर."

आत्यानं नाकपुड्या फुगवल्या. "ते विमान लढाईतलं ना? त्यात कोण मेला, कुणाचं रक्त सांडलं, त्याचं सुतक कुणी पाळलं का?"

"अक्का, ते चांगलं धुऊन, कापून, घासून—"

"बरं बरं," आत्या म्हणाली आणि आत गेली. या "बरं बरं"ला मी घाबरायला हवं होतं. पण मी त्या वेळी ओटीवर येरझाऱ्या घालत होते, टक्, टक्. आयुष्यात पहिल्यांदा कंबर न धरता. मला कसलं भान!

शाळेचा तास सोमवारी होता. रविवारी दुपारी मी झोपले असताना आत्यानं काय केलं ते मला त्या दिवशी कळलं नाही. मला एवढंच दिसलं की सोमवारी सकाळी कॅलिपर खाटेशेजारी नीट जोडून ठेवलेला आहे, त्याला थोडा राखेचा वास आहे, आणि आत्या उंबऱ्याच्या आत पूजेचं तबक घेऊन उभी आहे.

"ये गो बाय," ती म्हणाली. "उभ्यानं ये. देवाला नमस्कार कर आणि जा."

मी उभी आत गेले. तुम्हांला काय सांगू! मी ते स्वयंपाकघर लहानपणापासून फरशीवरून पाहत आले होते. मला त्याचे पाय माहीत होते: चुलीचं तोंड, पाटाचे खूर, हंड्याचं बूड. फडताळाचा वरचा खण मी कधी पाहिलाच नव्हता. तिथे लोणच्याच्या बरण्या होत्या आणि बरण्यांच्या मागे माझ्या आईची पितळी खेळणी, चिमुकली चूल आणि परात. इतकी वर्षं माझ्या डोक्यावर चार हात ती होती आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तिथेच रडणार होते, पण तास दहाला होता.

वर्ग चौथीचा, विषय महाराष्ट्रातल्या नद्या. मागच्या बाकावर मुख्याध्यापिकाबाई, मांडीवर हात ठेवून. मी नकाशाशेजारी उभी, हातात छडी. पहिला अर्धा तास असा गेला की विचारू नका. तापी पश्चिमेला का वाहते, यावर मी असं नाटक केलं की पुढच्या मुली तोंडावर पदर घ्यायला विसरून, म्हणजे परकराचा ओचा घ्यायला विसरून, हसत होत्या. मग गोदावरीवर आले. नाशिक झालं, पैठण झालं, नांदेड झालं. आता पूर्वेकडे समुद्रापर्यंत छडी न्यायची म्हणून मी उजव्या पायावर भार देऊन वाकले, आणि पाय माझ्याखालून निघाला. मोडला नाही. आवाजसुद्धा झाला नाही. ओल्या पोफळीची पट्टी वाकावी तशी बाहेरची पट्टी सावकाश वाकत गेली, आणि गोदावरी समुद्राला मिळायच्या आत मी जमिनीला मिळाले.

एक मुलगी म्हणाली, "बाई पडल्या." कसलं निरीक्षण! आणि मागून मुख्याध्यापिकाबाईंचा आवाज आला, "मला वाटलंच होतं."

हे तीन शब्द मी त्यांना कधी माफ केले नाहीत, त्या निवृत्त झाल्या, मी निवृत्तीला आले तरी. लागलं का, असं नाही. पाणी आणा, असं नाही. मला वाटलंच होतं! म्हणजे अर्धा तास त्या नद्या ऐकत नव्हत्या, माझ्या पडण्याची वाट बघत होत्या. माझ्या अंगात असा जाळ उठला की मी फरशीवर बसल्या बसल्या छडी उचलली आणि म्हणाले, "मुलींनो, नदी खालूनच वाहते. राजमहेंद्रीपासून पुढे बघा." आणि गोदावरी समुद्राला पोचवूनच थांबले.

तास संपल्यावर बाई म्हणाल्या, "शिकवता छान. पण अट उभं राहायची होती."

"पुढच्या सोमवारी येते."

"पुढच्या सोमवारी दुपारी कमिटी नाव नक्की करणार आहे."

"मग सकाळी येते."

"पुन्हा पडलात तर?"

"तर तुम्हांला पुन्हा वाटलंच असेल," मी म्हटलं. त्यांनी ओठ आवळले, पण मानेनं हो म्हटलं.

टांग्यातून घरी आले. कॅलिपर मांडीवर, पाय लोंबता. निरोप मिळताच मामा संध्याकाळी धावत आला. त्यानं वाकलेली पट्टी हातात घेतली, नखानं ओरखडली, गुडघ्यावर ठेवून दाबली. ती बापडी आणखी वाकली, लाजाळू नवरीसारखी. मामाचा चेहरा पांढरा झाला.

"हिला विस्तवात कुणी घातलं?"

वडिलांचं वर्तमानपत्र किंचित वर सरकलं.

"मी घातलं," आत्या शांतपणे म्हणाली. "अग्नीनं शुद्ध होतं सगळं. चाक्या सोडल्या, पट्ट्या निखाऱ्यात ठेवल्या. लोखंडासारख्या लाल होईनात, म्हणून पुष्कळ वेळ ठेवल्या. मग राखेतच निवू दिल्या आणि गोमूत्र शिंपडून जोडल्या."

"आणि सांधा? स्प्रिंग?"

"त्याला तेल होतं. तेलातल्याला विटाळ नसतो."

मामानं कपाळावर हात मारला. "अक्का! हा धातू लाल होत नाही, वितळायला आला तरी होत नाही! चुलीत तापवून राखेत निवला म्हणजे त्यातली सगळी कमाई गेली. मऊ भात झाला परत! तुम्ही विमानाचा डाव केलात!"

"पोरीनं देवापुढे उभं राहावं म्हणून केलं," आत्या म्हणाली. आता तिचाही आवाज चढला. "तुम्ही येणार रविवारचे, बोलून जाणार. तिला आत कोण घेणार? मीच ना?"

आणि मग माझा तोल गेला. पाय नव्हताच, त्यामुळे उरलेलं सगळं गेलं.

"आत घ्यायला मी बाहेरची आहे?" मी ओरडले. "आत्ये, मी इतकी वर्षं या फरशीवर सरपटते. तुझ्या डोळ्यांसमोर. एकदा तरी तुला वाटलं का, की जाऊ दे ते चामडं, येऊ दे हिला? नाही वाटलं. धातू जाळावासा वाटला, पण नियम वाकवावासा नाही वाटला!"

"नियम मी नाही केले गो."

"पाळलेस तू!"

"मग कुणी पाळायचे? तुझ्या आईमागे हे घर कशावर उभं राहिलं?"

"घर उभं राहिलं! मी नाही राहिले!"

आत्या पदर तोंडाला लावून आत गेली. रडली का, मला माहीत नाही. भांडी मात्र जोरात वाजली. मामानं पट्ट्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या. मी विचारलं, "झालं सगळं? आता बोरिवली?"

"थांब," तो म्हणाला. "या धातूची एक गंमत आहे. यानं गमावलेलं परत मिळवता येतं."

मंगळवारी तो पट्ट्या कारखान्यात घेऊन गेला. तिथे वितळलेल्या क्षारांची कढई असते, तिची आच काट्यावर मोजता येते. साहेबाची परवानगी त्यानं साहेब जेवायला गेला असताना घेतली. पट्ट्या तापवल्या, क्षणात गार पाण्यात बुडवल्या, मऊ होत्या तोवर सरळ केल्या, आणि संध्याकाळी परत आणल्या.

"झाल्या कडक?" मी अधीरपणे विचारलं.

"नाही. आता कालच्यासारख्याच मऊ आहेत. पण आता यांना कुणी हात लावायचा नाही. ठोकायचं नाही, वाकवायचं नाही, चुलीजवळ न्यायचं नाही. नुसतं पडून राहू द्यायचं. आतल्या आत आपोआप कडक होतात. विमानाचे पत्रे जोडायचे खिळे, म्हणजे रिवेट, आम्ही असेच तापवून बर्फात ठेवतो, वापरायच्या आधीच कडक होऊ नयेत म्हणून."

"किती दिवस?"

"चार दिवस."

तो आत्याकडे वळला. आत्या कालपासून त्याच्याशी बोलली नव्हती.

"अक्का, असं समजा की पट्ट्यांना कावळा शिवलाय."

आत्यानं मान वर केली. कावळा शिवणं म्हणजे काय, हे आमच्या घरात बायकांना सांगावं लागत नसे. महिन्याचे चार दिवस माजघराच्या कोपऱ्यात घोंगडीवर बसायचं, कुणाला शिवायचं नाही, कुणी आपल्याला शिवायचं नाही, पाचव्या दिवशी न्हाऊन आत यायचं. मी तेराव्या वर्षापासून त्या कोपऱ्यात बसत आले होते, भिंतीवरचा पोपडा पाठ होईपर्यंत.

"चार दिवस," आत्या म्हणाली. "पाचव्या दिवशी न्हाणं."

"अगदी तसंच."

"मग ठेवा तिथे."

आणि तिनं माझ्याच कोपऱ्यात, माझ्याच घोंगडीवर त्या चार पट्ट्या ठेवायला लावल्या. ते चार दिवस मी विसरणार नाही. आत्यासारखा पहारा विमानतळावरही नसेल. शेजारीण बघायला आली, तर "लांबून! शिवू नका!" वडिलांचं वर्तमानपत्र वाऱ्यानं उडून त्यावर पडलं, तर त्यांना आंघोळ करावी लागली की काय इतपत प्रकरण गेलं. मी अजून आत्याशी धड बोलत नव्हते. शुक्रवारी मात्र राहवलं नाही.

"आत्ये, बघतेस ना? चार दिवस कोपऱ्यात टाकलं की धातूसुद्धा कडक होतो. आणि मला दर महिन्याला टाकलंस. मग मी अशी कशी निपजले म्हणून तूच कपाळाला हात लावतेस!"

मला वाटलं, आता भांडी वाजणार. आत्या तांदूळ निवडत होती. खडा बाजूला टाकून ती म्हणाली, "मीपण बसलेच की गो त्या कोपऱ्यात. चाळीस पावसाळे." आणि पुन्हा निवडायला लागली.

रविवारी तिनं पट्ट्यांना न्हाऊ घातलं. शिकेकाई लावून. गार पाण्यानं, कारण मामानं बजावलं होतं. पुसून, कुंकवाचं बोट लावून माझ्या हातात दिल्या. मामानं एक पट्टी गुडघ्यावर ठेवून जोर लावला. पट्टी हलली नाही, मामाचा गुडघा दुखावला. तो शिव्या देत हसला.

सोमवारी मी तोच वर्ग, तोच नकाशा, त्याच नद्या मागून घेतल्या. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "दुसरा विषय घ्या ना." मी म्हटलं, "नाही. गोदावरी राहिलीय." तापी, कृष्णा, भीमा, सगळ्या उभ्यानं. गोदावरीशी आले तेव्हा वर्गातल्या सगळ्या मुली नकाशाऐवजी माझ्या पायाकडे बघत होत्या. मी उजव्या पायावर मुद्दाम पूर्ण भार दिला, वाकले आणि छडी थेट समुद्रात नेली. मग तिथेच उभी राहिले. घंटा होईपर्यंत. घंटा झाल्यावरही. मागे वळून म्हटलं, "बाई, आणखी काही वाटतंय का?"

"कमिटीला नाव देते," त्या म्हणाल्या. चेहरा असा, की जणू त्यांच्या घरचं धान्य देत होत्या. मी आभार मानले नाहीत. पाय माझा, विमान मामाचं, तास मी घेतला. त्यांचे आभार कशाचे?

नोकरी मिळाली. बोरिवलीच्या गृहस्थांना आत्यानंच परस्पर कळवलं, "मुलगी जरा कडक आहे." एवढा खरा निरोप त्या घरातून आधी कधी गेला नव्हता.

पहिला पगार व्हायच्या आतच मला कावळा शिवला. मी शाळेतून आले, हातपाय धुतले, सवयीनं कोपऱ्याकडे बघितलं. घोंगडी अंथरलेली होती. आत्या चुलीपाशी भाकरी करत होती. पाठमोरीच म्हणाली, "बस बाजूला."

मी बसले नाही. लाकडी तळवा घातला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिले. टक्.

"आत्ये, मी चार दिवस बसले की काय होतं ते तू पाहिलंस. आणखी कडक झाले तर तुला झेपेल का?"

ती वळली. आधी माझ्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. नियम आणि भाकरी यांत तिनं किती वेळ घेतला ते मला सांगता येणार नाही, पण धूर बराच झाला.

"आता आणखी काय कडक व्हायची राहिल्येस," ती म्हणाली. "देवाच्या बाजूला जाऊ नको. इकडे ये, ही भाकरी उलट."

मी आत गेले, उभ्यानं. राग उंबऱ्याबाहेर सोडला नाही, तोही बरोबर नेला. उरलेल्या भाकऱ्या मीच थापल्या. जाड झाल्या.

"रागानं थापल्यास," आत्या जेवताना म्हणाली.

"हो," मी म्हटलं, आणि तिनं माझ्या पानात तूप वाढलं.